शैलाच्या हातचा सोलेभात

हाटात शिरल्या शिरल्या मला शैलाचा राग आला. तसं काही घडलं नव्हतं. ती फक्त माझ्या पुढे चालत होती, खांद्यावर कापडी पिशवी टाकून, आणि दोन्ही बाजूंचे भाजीवाले तिला नावानं हाका मारत होते. "शैला दीदी, बथुआ देखो, आज का ही टूटा है." "दीदी, आँवला नहीं ले जाओगी? घर के पेड़ का है." ती कुणाला हात दाखवत होती, कुणाच्या सुनेची तब्येत विचारत होती. मला कुणीही हाक मारली नाही. या हाटात मी आईचा पदर धरून यायचे तेव्हा यांतले निम्मे जन्मलेसुद्धा नसतील, पण हे त्यांना सांगणार कोण आणि कसं? त्यांच्या लेखी मी पुण्याहून आलेली, गॉगल लावलेली कुणीतरी बाई होते.

भोपाळला मी एका लग्नासाठी आले होते आणि लग्न आटोपल्यावर एक दिवस शैलाकडे, अवधपुरीत राहिले होते. तिथून बाबांच्या कारखान्याची वसाहत जवळच. आमचे जुने क्वार्टर आता बरेचसे रिकामे पडलेत. खिडक्यांना तावदानं नाहीत, अंगणात एरंड माजलाय, मागच्या दाराशी असलेला आमचा शेवगा कुणीतरी तोडून नेलाय. हाट मात्र अजून दर बुधवारी भरतो, त्याच मोकळ्या मैदानात, निलगिरींच्या रांगेखाली. जमिनीवर पोती अंथरलेली, त्यांवर भाज्यांचे ढीग, आणि त्या सगळ्यावर तरंगणारा तो वास. मातीसकट उपटलेल्या मुळ्यांचा, पायाखाली चुरगळलेल्या कोथिंबिरीचा, कुठून तरी येणाऱ्या ताज्या गुळाचा. डोळे मिटून क्षणभर उभी राहिले असते, तर मी पुन्हा परकर-पोलक्यातली झाले असते. पण डोळे मिटायची सोय नव्हती. समोर शैला मेथीची जुडी उलटी करून मुळांकडून तपासत होती. आईही अगदी तशीच तपासायची.

शैला म्हणजे आमच्या वरच्या क्वार्टरमधली. आम्ही नागपूरचे, ते ग्वाल्हेरचे. दोन्ही घरं मराठी, पण त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मिसळलेली, की माझे बाबा गमतीनं म्हणायचे, वरच्या मजल्यावर नळाला सुद्धा हिंदीच पाणी येतं. तिची आई शाळेत शिकवायची आणि संध्याकाळ झाल्याशिवाय परतायची नाही. त्यामुळे दुपारी शाळा सुटली, की शैलाच्या घराला कुलूप. ती दप्तर आमच्या ओसरीवर टाकायची आणि तडक स्वयंपाकघरात जायची. "काकू, काय करून राहिल्या?" हे तिचं रोजचं वाक्य. आई म्हणायची, "ये, बस. हात धुतले का?" मी मागून यायचे, माझं दप्तर खुंटीला लावायचे, तोवर माझी जागा गेलेली असायची.

बुधवारी संध्याकाळी कारखान्याचा भोंगा वाजायचा. फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, घंट्या, धूळ, खाकी कपड्यांना आलेला तेलाचा वास. पुरुष घरी यायला निघाले, की बाया पिशव्या घेऊन हाटाला निघायच्या. जाताना वाटेत भेटलेल्या नवऱ्याला सांगायच्या, चहाचं आधण ठेवलंय, पत्ती टाकून घ्या. आईला पंचांग लागायचं नाही. कुठला महिना चाललाय ते तिला हाटातल्या पोत्यांवरून कळायचं. श्रावण सरता सरता भुट्टे आले, की इंदूरच्या शेजारणीकडून शिकलेला कीस व्हायचा, दूध घालून, मंद आचेवर, सगळं घर गोडसर वासानं भरून जायचं. काटेरी ककोडे यायचे, आपल्याकडे ज्याला करटोली म्हणतात ते. आश्विनात तळ्याच्या चिखलाचा वास घेऊन शिंगाडे यायचे. ते सोलताना आईच्या बोटांना काटे टोचायचे आणि ती बोट तोंडात धरून पुढचा शिंगाडा उचलायची. मग हरभऱ्याचा कोवळा पाला, ज्याची आंबट आंब हाताला लागायची. उन्हाळ्यात पळसाच्या द्रोणांतून रानमेवा, खिरण्या, चारोळीची चारं, तेंदूची फळं. आणि कैऱ्या आल्या, की कांदा, कैरी नि गूळ घालून केलेला तक्कू, वर तडतडती फोडणी. त्या फोडणीचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो असं म्हटलं तर खोटं वाटेल, पण येतो.

पण या सगळ्यांपेक्षा मोठा हिवाळा, आणि हिवाळ्यात मोठा सोलेभात. ओल्या तुरीच्या शेंगा सोलून निघालेले हिरवे दाणे म्हणजे सोले. नागपूरच्या माणसाला हे सोले मिळाले नाहीत, तर त्याला थंडी पडली असं वाटतच नाही. भोपाळच्या आसपासच्या शेतकऱ्यांना मात्र हे माहीतच नव्हतं. तूर म्हणजे डाळ. ती वाळू द्यायची, भरडायची आणि मग खायची. कच्ची तूर खाणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. हाटात एक म्हातारी यायची, तिला सगळे अम्मा म्हणायचे. एका थंडीत तिच्या बैलगाडीत, बैलांच्या चाऱ्यासाठी म्हणून, शेंगांनी लगडलेल्या तुरीच्या फांद्या होत्या. आईच्या नजरेला त्या पडल्या मात्र, तिनं हाटातच इतर नागपूरकरणींना हाका मारल्या आणि सगळ्याजणी त्या गाडीवर तुटून पडल्या. अम्मा आधी घाबरली. मग म्हणाली, "गाय पाली है क्या बाई?" आई हसत म्हणाली, "हाँ अम्मा, घर में दो हैं. एक ये खड़ी है." म्हणजे मी. बैल उपाशी राहिले की काय कोण जाणे, पण पुढच्या हिवाळ्यापासून अम्मा शेंगांची एक टोपली वेगळी, पोत्याखाली झाकून आणायची. आजूबाजूच्यांना सांगायची, "ये नागपुर वाली बाइयों का चारा है."

शैलाची आई आणि माझी आई भाजी एकत्र आणायच्या आणि घरी आल्यावर वाटून घ्यायच्या. ओसरीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं जायचं, त्यावर दोन ढीग. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको, आणि मनात किंतु तर मुळीच नको. म्हणून एका मुलीनं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मागून आई एका ढिगावर हात ठेवायची आणि विचारायची, "हा कोणाचा?" भिंतीकडे बघत म्हणायचं, "वरच्यांचा," किंवा "खालच्यांचा." झाला निवाडा. भिंतीपाशी उभी राहणारी ती मुलगी नेहमी मी असायचे. आई म्हणायची, ही भोळी आहे, हिच्या मनात लबाडी नाही. ढीग सारखे करायला शैला बसायची, आईच्या गुडघ्याला गुडघा लावून, एकेक शेंग इकडची तिकडे करत. माझ्या नाकासमोर चुन्याची भिंत, आणि पाठीमागे त्यांची कुजबुज, शैलाचं खुदखुदणं, आईचं "अगं हळू." एकदा मी मान वळवली. नियम मोडला. आईचे हात शेंगांच्या चिकानं भरलेले होते, म्हणून ती कोपरानं शैलाच्या कपाळावरची बट मागे सारत होती. किती हळुवार! माझे केस ती फणीनं करकचून ओढायची आणि हललं की पाठीत धपाटा. मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी मी रागानं दोन्ही ढीग वरच्यांचे म्हणून सांगितले. सगळे हसले. मला वाईट वाटलंय हे कुणालाच कळलं नाही.

स्वयंपाकघरात मला थारा नव्हता. दारात उभी राहिले, की आई म्हणायची, "तू कशाला आली इथं? जाय, अभ्यास कर. हे काय शिकायचं असते?" मी बाहेरच्या खोलीत खाटेवर पुस्तक उघडून बसायचे आणि माझे कान आत असायचे. तुरीची शेंग फुटते तेव्हा बारीक 'टच' असा आवाज होतो. टच, टच, मग थाळीत दाणे पडल्याचा आवाज, मग बोलणं. काय बोलताहेत ते ऐकू यायचं नाही, कारण मला त्रास नको म्हणून दार लोटून घेतलेलं असायचं. शेंगा सोलून शैलाची बोटं काळी पडायची, नखांच्या कडांचा काळेपणा तर आठवडाभर निघायचा नाही. वर्गात बाई तिला ओरडायच्या, हात धुवून येत नाहीस का म्हणून. माझी नखं स्वच्छ असायची आणि मला त्या काळ्या नखांचा इतका हेवा वाटायचा, की एकदा मी शाईच्या दौतीत बोटं बुडवून पाहिली. पण शाईला तो वास नाही. ओल्या तुरीचा वास हिरवा, थोडा कडू, थोडा चिकट असतो, आणि शैला बाकावर शेजारी बसली की तिच्या हातांना तो यायचा. माझ्या आईच्या हातांचा वास दुसऱ्याच मुलीच्या हातांना!

निकाल लागायचे तेव्हा मी पहिली यायचे. आई म्हणायची, "बरं. पंख्याखाली बस जरा, घाम आला." एवढंच. शैला एका वर्षी गणितात नापास झाली, तर आईनं तिला पाटावर बसवून तक्कू खाऊ घातला. मी पंख्याखाली बसून बघत होते. आमच्या घरात बहुतेक नापास होण्याला बक्षीस आहे, असं मला वाटलं आणि पुढच्या चाचणीत मुद्दाम चुका करायच्या, असंही ठरवलं. पण जमलं नाही. चुका करायलाही एक प्रकारची हुशारी लागते, ती माझ्यात नव्हती.

मग मी शिकायला पुण्याला गेले आणि तिथलीच झाले. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, त्यांनी अवधपुरीत दोन खोल्यांचं घर घेतलं. शैलाचं लग्न तिथेच, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मुलाशी झालं. बाबा गेले, तरी आई पुण्याला यायला तयार नव्हती. तुझ्याकडे तुरीच्या शेंगा मिळतात का, हा तिचा प्रश्न. मिळतात, मी सांगायचे, सोललेल्या, पाकिटातून. यावर ती फोनवर विषयच बदलायची. बुधवारी फोन केला, की ठरलेलं उत्तर यायचं, "शैला आली आहे, हाटाला निघून राहिलो, मग बोलते." सोलेभात कसा करायचा ते मी तिला कितीदा विचारलं. "अंदाजानं करायचा. शैलाला विचार, तिला येते." म्हणजे माझ्या आईचा भात मी शैलाला विचारायचा! मी नाही विचारला. पाकिटातले सोले आणून करून पाहिला, नवऱ्यानं चांगला झालाय म्हणून खाल्ला, आणि मी उरलेला कामवाल्या बाईला देऊन टाकला. आईला जाऊन आता दोन हिवाळे झाले. ती गेल्यावर मी तिच्या घरातून भांडी आणली, साड्या आणल्या. भात काही डब्यात घालून आणता येत नाही.

तर त्या बुधवारी आम्ही शेंगांच्या टोपलीपाशी आलो. अम्मा कधीच गेली. तिची नातसून आता बसते. शैला वाकली, एक शेंग मोडली, कच्चा दाणा दाताखाली धरला, आणि मान हलवली. नातसून कौतुकानं म्हणाली, "बिल्कुल मम्मी जैसे चखती हो दीदी. वो भी ऐसे ही आँख बंद करके चखती थीं." मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "ये मेहमान हैं?"

शैला म्हणाली, "हाँ, पुणे से आई हैं."

बस, एवढंच. ती शेंगा निवडत राहिली. मी उभी राहिले. मम्मी माझी होती, हे तीन शब्द माझ्या जिभेवर होते, पण हाटाच्या मधोमध, भोपळ्यांच्या ढिगाशेजारी, असल्या गोष्टीवरून भांडण कसं काढणार? अंगाचा तिळपापड झाला. परतताना शैला रिक्षात काहीबाही बोलत होती, मी बाहेर बघत होते.

घरी तिनं मला काहीही करू दिलं नाही. "तू बस. कधी तरी येतेस." मी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि डोळ्यांत तेल घालून तिची चूक शोधत राहिले. मला एवढंच हवं होतं, की तिचा भात फसावा. एवढंच. तो फसला, तर आईचा हात आईबरोबर गेला, तो कुणालाच मिळाला नाही, असं म्हणून मी शांतपणे पुण्याला परतले असते. जमला, तर मात्र आईनं आपलं सगळं तिला दिलं, आणि मला नुसतं पंख्याखाली बसवलं, हे कायमचं ठरणार होतं. तिनं तेल तापवलं. मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या. सोले घातले आणि त्यांच्या अंगाला सुरकुत्या येईपर्यंत परतले. वांग्याच्या फोडी, काळा मसाला, धुतलेले तांदूळ, वर आधणाचं पाणी. झाकण. मग आच इतकी मंद केली, की ज्योत दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं झाकणाच्या कडेनं वाफ निघाली, आणि तो वास माझ्यापर्यंत आला, तेव्हा मी खुर्चीवरून उठले आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

ताट वाढलं. भातावर लसणीच्या फोडणीचं गरम तेल, बाजूला ताकाची कढी. मी घास घेतला.

तो आईचाच भात होता. तिखट आधी लागायचं नाही, मागून यायचं, ते तसंच मागून आलं. दाणा मऊ, पण मोडलेला नाही. तळाशी जी थोडी खरपुडी धरायची, ती सुद्धा तिनं माझ्या ताटात आठवणीनं घातली होती.

"कसा झाला?" शैलानं विचारलं.

"चांगलाय," मी म्हटलं. "पण आईसारखा नाही."

तिनं हातातला डाव पातेल्यात टाकला. "झूट," ती म्हणाली. "साफ झूट. तुझे डोळे भरून आले आहेत आणि तू मला सांगून राहिलीस, आईसारखा नाही."

"मिरचीनं भरले."

"हाटापासून तोंड फुगवून आहेस. समजत नाही का मला? त्या बाईला मी सांगितलं नाही ना, की काकू तुझी आई. मुद्दाम नाही सांगितलं. त्या हाटात मला लोक काकूंची मुलगी समजतात. तू कधी तरी एक दिवस येणार, आणि तेवढं पण मी तुला देऊन टाकू? का बरं?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण तिनं मला बोलू दिलं नाही. इतकी वर्षं ओळखते, शैलाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता.

"तुला वाटते, मी आत बसून मजा करत होते. सोले सोलता सोलता काकू काय बोलायच्या, माहीत आहे? तुझं! सगळा टाइम तुझं! माझी पोरगी असं अक्षर काढते, माझ्या पोरीला असं गणित सुटते, शैला, हळू बोल, ती वाचून राहिली. तू वाचताना ओठ कसे हलवतेस, ते पण करून दाखवायच्या मला. हसायच्या आणि मग पदरानं डोळे पुसायच्या. मी तिथे बसलेली, हात काळे करून, आणि ऐकायचं काय, तर तुझी तारीफ. इतकी चिढ यायची ना मला तुझी! शेवटी शेवटी काकूंना दिसत नव्हतं, शेंगा मी एकटीच सोलायची, तरी बोलणं तेच. मला एकदा तरी म्हणाल्या असत्या, शैला, तुझ्या हाताला चव आहे. नाही म्हणाल्या. कधीच नाही."

मी कढीची वाटी उगाच फिरवत राहिले. माझं समाधान व्हायला हवं होतं. आई माझ्याबद्दल असं बोलायची, इतकं बोलायची! पण समाधान कसलं, जळफळाट दुप्पट झाला. भात तर शैलाकडे होताच. आता कळलं, की माझं कौतुकसुद्धा तिनंच ऐकून घेतलं होतं, हिवाळ्यामागून हिवाळे, चुलीच्या उबेला बसून, आणि माझ्या कानावर त्यातलं अक्षरही पडलं नव्हतं. आई ओठ हलवून माझी नक्कल करत होती, तेव्हा तिचा चेहरा कसा दिसत होता, हे जगात फक्त या एका बाईला माहीत होतं.

"आणखी काय म्हणायची?" मी विचारलं. माझा आवाज मलाच भांडखोर वाटला.

"सांगते. आधी जेव."

"जेवते. वाढ आणखी. पण सांग. काही मागे ठेवू नकोस."

शैलानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग पातेलं जवळ ओढलं, माझ्या ताटात भात वाढला, स्वतःचंही ताट घेतलं आणि समोर मांडी घालून बसली. दोन घास तिनं खाल्ले. मग सांगायला लागली, अगदी जिवावर आल्यासारखी, एकेक वाक्य थांबून थांबून.